प्रस्ताव क्रमांक सतरा

"मगदूम ताई, पाटणकर सर, तुम्हा दोघांना आता थोडा वेळ बाहेर बसावं लागेल," समितीचे सचिव टिळेकर म्हणाले. मला वाटलं, चहाची वेळ झाली. मी पेनाला टोपण लावलं आणि बाकीचे उठतायत का ते पाहिलं. कुणीच उठलं नाही. फक्त माझ्या शेजारचे पाटणकर सर वर्तमानपत्राची घडी काखेत धरून उभे राहिले होते.

"चला," ते म्हणाले. "आपली हद्दपारी."

तेव्हा माझी नजर टेबलावरच्या यादीवर गेली. पुढचा प्रस्ताव क्रमांक सतरा होता. ज्याच्यासाठी मी सांगलीहून पहाटेची गाडी धरून पुण्याला आले होते, तोच.

मी टिळेकरांजवळ जाऊन हळूच म्हटलं, गुण मी द्यायचे नाहीत हे मला ठाऊक आहे, पण निदान बसू द्या. कुणी पालकांबद्दल काही विचारलं तर सांगेन. टिळेकर सत्तरीच्या घरातले, मृदू बोलणारे गृहस्थ. माझ्यापेक्षा तेच जास्त ओशाळले.

"गुण नाहीत, बोलणं नाही आणि हजेरीही नाही, ताई. फॉर्मवर तुम्ही 'हो' लिहिलंय ना, त्याचा अर्थ तो."

आमच्यामागे दार लागलं. सव्वाबारा वाजले होते.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी शाल्मली तेव्हा सहा वर्षांची होती, पहिलीत जायची. चालायची. लांबून पाहणाऱ्याला काही कळलंही नसतं. पण सकाळी ती जमिनीवरून उठायची तेव्हा मी गॅसपाशी उभी राहून मनात अंक मोजायची. आधी ती ओणवी व्हायची, मग एक हात गुडघ्यावर, मग दोन्ही हात मांड्यांवर टेकत टेकत, स्वतःच्याच अंगावर चढावं तशी उभी राहायची. श्रावणात चार अंक लागायचे. संक्रांतीला सहा लागायला लागले. स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार, जन्मापासूनचा, आणि त्यावर औषध नाही. मिरजेच्या डॉ. नसीम इनामदारांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा काही लपवलं नव्हतं, काही रंगवलंही नव्हतं. लहान मुलांच्या मज्जासंस्थेच्या त्या डॉक्टर. शाल्मलीला खोट्या आशेची चॉकलेटं देत नाहीत म्हणून मला त्या आवडायच्या.

याच बाईंनी तो प्रस्ताव लिहिला होता. दुसऱ्याच एका आजारावर वर्षानुवर्षं दिली जाणारी एक साधी गोळी या मुलांची ताकद टिकवून धरते का, हे त्यांना पाहायचं होतं. चाळीस मुलं, दीड वर्ष, दर महिन्याला तपासणी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी. मूल चार ते दहा वर्षांचं हवं आणि आधाराशिवाय दहा मीटर चालणारं हवं, कारण चालणं टिकतंय की जातंय हेच तर मोजायचं होतं. शाल्मली दहा मीटर चालायची. अकरा सेकंदांत.

निधी देणारी संस्था पुण्यातली, जुनी, धर्मादाय. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच ठरवलं होतं, की समितीत डॉक्टर आणि शास्त्रज्ञांखेरीज एक पालकही असावा. मी एका वर्तमानपत्रात लेख लिहिला होता. दवाखान्यात आपल्याकडून सही घेतात ते संमतीचे कागद शिकलेल्या बाईलाही कळत नाहीत, असा. तो वाचून त्यांनी मला बोलावलं. मी बी.एस्सी. झालेली, आमच्या भागातल्या अशा मुलांच्या पालकांचा फोनवरचा गट चालवणारी. बोलावल्याचं पत्र आलं तेव्हा इनामदार बाईंनीही तिथंच अर्ज केलाय हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, म्हणूनच मी हो म्हटलं.

मग तो फॉर्म आला. 'विचारार्थ असलेल्या कोणत्याही प्रस्तावातून आपणास वा आपल्या कुटुंबीयांस थेट लाभ होण्याची शक्यता आहे काय?' पुढे दोन चौकटी.

भरत, माझा नवरा, आयटीआयमध्ये फिटरचा विषय शिकवतो. त्याने खांद्यावरून वाचलं. "'नाही' लिही की. कोण बघालंय?"

सासूबाई आतून म्हणाल्या, एवढ्या मोठ्या लोकांत बसून खोटं लिहायचं व्हय? मग थोडा वेळ भांड्यांचा आवाज आला आणि त्या दारात येऊन म्हणाल्या, "पण पोरीसाठी लिहिलंस तर देव काय रागवणार न्हाई."

मी दोन दिवस तो कागद फ्रिजवर ठेवला. पुढेमागे कुणी शोधून काढलं असतं तर माझं काही बिघडलं नसतं, अर्ज गेला असता तो डॉक्टरांचा. म्हणून मी 'हो' वर खूण केली. मला वाटलं, गुण देऊ देणार नाहीत, ठीक आहे. खोलीत तर असेन. नियमांची पुस्तिका बैठकीच्या सकाळी फाईलमध्ये मिळाली होती. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणारी मी, ती मी उघडली नाही.

सकाळ छान गेली होती, हेही सांगायला हवं. एकूण छत्तीस अर्ज आले होते. प्रत्येक अर्ज त्या विषयातल्या तिघांनी आधीच घरी वाचून दहापैकी गुण दिलेले. त्यातले खालचे निम्मे चर्चेलाही येत नाहीत, हे ऐकून मी सतराव्या क्रमांकाचं नाव वरच्या यादीत दोनदा तपासून पाहिलं होतं. चर्चेच्या वेळी पहिला वाचक प्रस्ताव समजावून सांगायचा, मग दुसरे दोघे, मग सगळे बोलायचे. शेवटी प्रत्येकजण चिठ्ठीवर गुण लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचा आणि टिळेकर सरासरी काढायचे. पहिल्या सहांना निधी.

माझं काम रुग्णांसाठीचा माहितीचा कागद वाचायचं. एका कागदात 'शिरेद्वारे दहा मिलिलिटर रक्तनमुना संकलित करण्यात येईल' असं होतं. मी म्हटलं, दंडातून दोन चमचे रक्त घेऊ, असं लिहा ना. सगळे हसले, पण अध्यक्षीण बाईंनी, डॉ. रणदिव्यांनी, ते लिहून घेतलं. आणखी एका प्रस्तावात बाळंतिणीला आठव्या दिवशी दवाखान्यात बोलावलं होतं. मी विचारलं, कोण सोडणार हो तिला आठव्या दिवशी घराबाहेर? त्या प्रस्तावाचे गुण कमी झाले, माझ्यामुळे. मला जरा वाईट वाटलं आणि जरा बरंही वाटलं. इथं माझ्या बोलण्याला वजन आहे, हे मला कळलं होतं.

आणि आता मी बाहेरच्या बाकावर होते.

पाटणकर सर बाहेर का, तर ते इनामदार बाईंच्याच कॉलेजात पूर्वी शल्यचिकित्सा शिकवायचे. तोही नियमच. ते आरामात बसले, शब्दकोडं उघडलं. मला म्हणाले, आजवर ते या बाकावर इतक्यांदा बसलेत, की बाकावर त्यांचं नाव घालायला हरकत नाही. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचं कोण?"

"मुलगी."

त्यांनी शब्दकोडं मिटलं.

दाराला काचेची एक उभी पट्टी होती, हातभर रुंद. बाकाच्या टोकाला सरकून बसलं की टेबलाचा अर्धा भाग दिसायचा. पहिले वाचक डॉ. सुतार दिसत होते, रणदिवे बाईंची मान आणि खांदा दिसत होता, आणि त्या दोघांच्या मध्ये सरांची आणि माझी रिकामी खुर्ची. आवाज येत नव्हता. फक्त खुर्च्या सरकल्याचा आणि कधीतरी खोकल्याचा.

सरांनी मला आतलं वाचायला शिकवलं. प्रस्ताव वाईट असला तर बोलणारा लवकर आटपतो आणि ऐकणारे पाणी पितात. फार चांगला असला तरी तसंच. पण पानं उलटायला लागले की समजायचं, कुठंतरी अडलंय.

सुतार हात हलवत बोलत होते. मध्येच हसले. दुसरे वाचक मान हलवत होते. पाच मिनिटं झाली, सात झाली. मी हात मांड्यांखाली घालून बसले होते.

मग सुतारांनी पानं उलटली. मागं गेली, परत पुढं. एक बोट पानावर ठेवून त्यांनी काहीतरी विचारलं. टेबलाच्या न दिसणाऱ्या बाजूने कुणीतरी उत्तर दिलं असावं, कारण सुतारांनी खांदे उडवले. रणदिवे बाईंनी मान वळवली. सुतारांनीही वळवली. मग जे दिसत होते ते सगळेच, एकामागून एक, एकाच दिशेला पाहायला लागले.

माझ्या खुर्चीकडे.

पर्स खुर्चीला अडकवलेली होती, पाण्याचा ग्लास अर्धा होता. दोन-तीन सेकंद ते सगळे त्या ग्लासाकडे पाहत होते. मग सुतारांनी पान उलटलं.

मी उभी राहिले. दारापर्यंत चार पावलं होती. मला माहीत होतं त्यांना काय विचारायचंय. दुसरं काय विचारणार? माझ्याच गटात त्रेपन्न कुटुंबं होती. जतचे लोक होते, चिक्कोडीचे होते, एक बाप रोज मुलाला पाठुंगळी घेऊन दीड मैल शाळेत पोचवणारा होता. दर महिन्याला याल का, हे त्यांतल्या एकेकाला मी आधीच फोन करून विचारलं होतं.

"बसा," पाटणकर सर म्हणाले.

"त्यांना माझ्याकडून काहीतरी हवंय."

"हवं असेल. तुम्ही आत पाऊल टाकलंत तर टिळेकर तो प्रस्ताव तिथल्या तिथे बाद करतील. त्यांना आवडणार नाही, पण करतील. मागं एकदा झालंय." ते आवाज न चढवता बोलत होते, ऑपरेशनआधी नातेवाइकांशी बोलावं तसं. "चिठ्ठी पाठवलीत, तरी तेच. इथून काचेतून हात केलात, तरी तेच."

मी म्हटलं, "मग मी करू काय?"

"इथं करायचं काही नसतं. म्हणून तर बाक ठेवलाय."

मी बसले. आत चिठ्ठ्या लिहायला सुरुवात झाली. डबा माझ्या खुर्चीपुढून सरकून पुढच्या माणसाकडे गेला.

संध्याकाळी टिळेकरांनी अठराही प्रस्तावांचा क्रम वाचून दाखवला. प्रत्येकामागे एक ओळ, समितीचं मत. पहिले सहा वाचून झाले तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेतली. तेवढ्यावरूनच मला कळलं.

"सातवा. प्रस्ताव क्रमांक सतरा. सात पूर्णांक पाच. शास्त्रीय बाजू उत्तम. परंतु लांबच्या गावांतून पालक मुलांना दरमहा, दीड वर्ष, तपासणीसाठी आणतील याविषयी समितीस खात्री वाटत नाही."

सहाव्याला सात पूर्णांक सहा होते.

मी बोलायची परवानगी मागितली. रणदिवे बाई बालरोगतज्ज्ञ, निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांचा नीट अंबाडा घातलेल्या. वाईट बाई नव्हत्या. त्यांनी टेबलावरून माझ्या हातावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, गुण एकदा डब्यात पडले की आम्हीसुद्धा त्यांना हात लावत नाही. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं काम होईल. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

"आणि मन लहान करू नका," त्या म्हणाल्या. "चांगला प्रस्ताव आहे. पुढच्या वर्षी परत येऊ दे."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी नक्की, असं दोघंतिघं म्हणाले. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. सगळी शहाणीसुरती, मुलाबाळांची माणसं होती. त्यांनी कागद आवरले आणि गाड्यांच्या किल्ल्या शोधायला लागली.

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, थोडक्यात राहिलं. त्या म्हणाल्या, "तू बोलली न्हाईस व्हय?" मी म्हटलं, नाही बोलले.

इनामदार बाईंनी नव्याने अर्ज लिहायला घेतला. मी त्यांना एवढंच म्हटलं की पालकांबद्दल नीट लिहा. यापेक्षा जास्त सांगायची मला मुभा नव्हती, आणि त्यांनी विचारलंही नाही.

ते वर्ष मला महिन्यांनी आठवत नाही, जागांनी आठवतं. आधी शाळेचा जिना गेला. वर्ग खाली आणला. मग बाजारातला रस्ता गेला. मग स्वयंपाकघर ते बाहेरची खोली, भिंतीला हात लावून. फेब्रुवारीत इनामदार बाईंनी त्यांच्या दवाखान्याच्या बोळात फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवलेल्या दोन रेघांमध्ये तिला चालवलं. भिंतीला हात लावायचा नाही, असं सांगून. शाल्मली सहा-सात मीटर गेली, थांबली, आणि खाली न बसता, न पडता, नुसती उभी राहिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, पुढचं उद्या चालू?"

मी तिला उचललं. बाईंनी घड्याळ बंद केलं.

ती डॉक्टरांच्या टेबलावर रंगीत खडू घेऊन बसली होती, तेव्हा मी बाईंना विचारलं, अट थोडी सैल नाही का करता येणार? सहा मीटर लिहा, आधार घेऊन लिहा. बाईंनी नोंदीचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "अनुजा, अट सैल केली तर गोळीने काही केलं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि मग समितीतलं कुणीतरी तेच म्हणेल. म्हणायलाच हवं त्यांनी." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

मार्चमध्ये पुन्हा समिती भरली. पुन्हा मी पहाटेची गाडी धरली. का गेले, असं नंतर भरतने विचारलं होतं. गटातल्या त्रेपन्नांपैकी एकतीस मुलं अजून चालत होती, एवढंच डोक्यात होतं.

टिळेकरांनी दारातच फाईल हातात दिली आणि माझा फॉर्म वर काढला.

"ताई, एक शंका. मागच्या वर्षी तुम्ही थेट लाभाच्या प्रश्नाला 'हो' लिहिलं होतं. यंदा 'नाही' लिहिलंय. अर्ज तर तोच आलाय परत, मिरजेचा. चुकून तर नाही ना झालं?"

"चुकून नाही. बरोबर आहे."

"म्हणजे आता तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही?"

"मुलगी आता त्यात बसत नाही."

त्यांना ते पटकन कळलं नाही. "अरे वा, मग उत्तमच झालं," ते म्हणाले. "यंदा तुम्हाला बाहेर बसावं लागणार नाही." आणि कागदावर लाल पेनाने टिंब करता करता त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातली फाईल नीट सरळ करून दिली.

दुपारी तो प्रस्ताव आला. पाटणकर सर एकटेच उठून बाहेर गेले. जाताना त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, दाबला, आणि गेले. त्यांना कुणी सांगितलं होतं, की त्यांनी आपलं आपण ओळखलं, कोण जाणे.

डॉ. सुतारांनी समजावून सांगितलं. गोळी, चाळीस मुलं, दीड वर्ष. मग पानावर बोट ठेवून म्हणाले, "माझी शंका गेल्या वर्षीचीच. हे लोक येतील का? दर महिन्याला? कुठून कुठून आणायची असतात मुलं."

रणदिवे बाई म्हणाल्या, "मगदूम ताई, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. जतहून पहिली गाडी किती वाजता निघते ते सांगितलं. चिक्कोडीची बाई दोन मुलांना घेऊन कशी येते, एकाला कडेवर आणि एकाला पुढच्या माणसाकडे द्यायचं कसं जमवते, ते सांगितलं. कुणाच्या मालकाने महिन्यातून एक दिवस सुट्टी द्यायचं कबूल केलंय, मिरजेत कुणाच्या घरी उतरायची सोय आहे, एकीला रस्ता माहीत नसला तर दुसरी तिला कुठल्या थांब्यावर भेटणार आहे, तेही. चालणाऱ्या एकतीस मुलांची नावं मी वयासकट सांगितली. उरलेली नऊ कोल्हापूरच्या बाजूने मिळतील, असं मी म्हटलं. मध्ये सुतारांनी विचारलं, एखाद्याला मधूनच कंटाळा आला तर? मी म्हटलं, "सर, मूल रोज उठायला किती वेळ घेतंय हे मोजणाऱ्या बाया आहेत त्या. कंटाळा कुठला यायला."

कुणी पान उलटलं नाही. कुणीतरी म्हणालं, झालं तर मग. डबा फिरला. माझ्यापुढं आला तेव्हा मीही चिठ्ठी टाकली. आता मला गुण द्यायचा हक्क होता. मी नऊ लिहिले, कारण माहितीच्या कागदात अजून दोन शब्द अवघड होते.

टिळेकरांनी सरासरी काढली आणि कागद रणदिवे बाईंकडे सरकवला. त्यांनी वाचला. माझ्याकडे वळल्या, अगदी मनापासून हसल्या.

"गेल्या वर्षी तुम्ही आत असायला हव्या होतात," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. दार उघडून पाटणकर सरांना आत बोलावलं गेलं. ते बसेपर्यंत मी पुढची फाईल उघडली. नवजात बाळांच्या काविळीवरचा प्रस्ताव होता. माहितीच्या कागदाची पहिली ओळ मी तीनदा वाचली आणि चौथ्यांदा पेन्सिलीने अवघड शब्दाखाली रेघ मारली.